तोंडातला दोरा



गेल्या महिन्यात विहारात तुमची बैठक झाली तेव्हा मी मागं भिंतीला टेकून बसले होते. १४ एप्रिलचा विषय निघाला. मिरवणुकीवरचा खर्च कमी करायचा आणि वाचलेल्या पैशातून वस्तीतल्या गरजू बायांना पाच शिलाई मशिनी द्यायच्या, असा ठराव झाला. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. मग तुमच्यातलाच एक शिकलेला पोरगा मन मोठं करून बोलला, "बरोबर आहे. बायांना तेवढंच जमतं. घरबसल्या चार पैसे." कुणी काही म्हटलं नाही. मी पण नाही. मशीनची सुई बोटातून आरपार गेली तर पहिल्यांदा काहीच कळत नाही, दुखायला जरा वेळानं लागतं. तसं झालं. घरी येऊन मशीनवर बसले आणि ते 'तेवढंच' दुखायला लागलं.

मी पस्तीस वर्षं शिवते आहे. माझ्याआधी आई शिवत होती. आपण आपला इतिहास लिहितो तेव्हा त्यात सत्याग्रह येतात, परिषदा येतात, जलसे येतात. येऊ द्या, त्यांच्यामुळंच आपण आहोत. पण अंगावरचा कपडा त्यात येत नाही, आणि तो शिवणारी तर नाहीच नाही. मशिनी वाटण्याआधी तो इतिहास एकदा वाचा, म्हणून हे लिहिते.

दोऱ्यापासून सुरू करते. सुईत दोरा ओवायचा तर त्याचं टोक तोंडात धरून ओलं करतात, दातानं जरा चपटं करतात. शिवणारी कुठलीही बाई हेच करते. म्हणजे शिवलेल्या कपड्यात शिवणाऱ्याची थोडी थुंकी असतेच. हसू नका. ह्या थुंकीवरून आपल्या माणसांची भाकरी गेलेली आहे.

पुणे, सातारा, रत्नागिरीकडून आपली माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली. गिरणीत बरा पगार साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात तिथं. त्या खात्यात अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा दुसरा कामगार आपल्या तोंडाला कसा लावणार? १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला, तेव्हा कुठं तो मागण्यांत घातला गेला, आणि तोही नाइलाजानं. जगातल्या कामगारांनो एक व्हा, पण धोटा सोवळ्यात ठेवा! जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं, ते काही हवेतून लिहिलं नाही.

आता बघा. तसंच दोऱ्याचं टोक तोंडात धरून माझी आई सदाशिव-नारायण पेठेतल्या बायांची पोलकी शिवत होती. मुंबईत ज्या तोंडाला धोटा चालत नव्हता, पुण्यात त्याच तोंडातला दोरा सोवळ्यातल्या अंगाला जाऊन लागला. हे कसं झालं? कुणी परवानगी तर दिली नव्हती. ह्या 'कसं'मध्येच सगळा इतिहास आहे.

आपल्याकडं दोरा आला तो शिवायला आला नाही. पेशवाईत अस्पृश्यानं ओळख पटावी म्हणून मनगटाला नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा, आणि खुद्द पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात सांगितलं आहे. कापडाचं पण तेच. मनूनं चांडाळाला मढ्यावरची वस्त्रं नेसायला सांगितलं, आणि गावगाड्यानं ते इमानानं पाळलं. मढ्यावरचं कापड हा महाराचा 'हक्क'. हक्क म्हणे! माझी आजी सांगायची, "त्ये कापाड चार पान्यात धुतलं का वास जाई. पर कुनाचं मढं व्हतं त्ये काय इसरत नसं." त्यातलं बरं कापड अंगावर, विटलेलं गोधडीत. आमच्या घरातली सगळ्यात जुनी शिलाई म्हणजे आजीची गोधडी. तिचा धावदोरा आजही शाबूत आहे, कापड मात्र केव्हाच विरलं.

आजीच्या गावात शिंपी होता. तो आपल्या लोकांचे कपडे शिवत नसे असं नाही. पैसे कुणाचे विटाळत नाहीत. पण तो माप घेत नसे. कापड ओट्याच्या कडेला ठेवायचं, आजोबांनी चार हात लांब उभं राहायचं, आणि त्यानं नुसत्या नजरेनं ताडायचं. टेप अंगाला लावला तर टेप बाटणार. म्हणून आपल्या लोकांचे सदरे म्हणजे एकात दोन माणसं मावतील असे. ते घालून पुन्हा गावानंच हसायचं, की बघा, यांना कपडे घालायची अक्कल नाही. कपडा ढगळ का, तर माप घेतलेलं नाही म्हणून. हे जुनं झालं असं समजू नका. एकविसाव्या शतकात अस्पृश्यतेची पाहणी करत फिरलेल्या अभ्यासकांनाही आपलं माप न घेणारे शिंपी खेड्यांत सापडले.

कपडा हा बायकी विषय, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. मग सवर्णांनी त्याच्यावर इतका पहारा का ठेवला ते सांगा. १९२८ साली इंदूरकडच्या गावांत बलाई लोकांना हुकूम निघाले, त्यात पुरुषांनी जरीकाठी पागोटं घालू नये, रंगीत काठाचं धोतर नेसू नये, आणि बायकांनी नक्षीचे झगे-जाकिटं घालू नयेत, हे स्पष्ट होतं. खाली त्रावणकोरात नाडर बायांना छाती झाकायला कपडा घालता यावा म्हणून कितीतरी वर्षं मारामाऱ्या झाल्या, तेव्हा १८५९ साली राजाला जाहीरनामा काढावा लागला. आणि आपल्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अंगावरचे कपडे जबरदस्तीनं उतरवणं हा गुन्हा वेगळा लिहावा लागला. हात पहिला कपड्यालाच पडतो, हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं.

पुण्याचीच गोष्ट घ्या. १८४८ पासून सावित्रीबाई शाळेत शिकवायला जात, तेव्हा रस्त्यात अंगावर शेण-चिखल पडे, म्हणून त्या एक लुगडं जास्तीचं बरोबर नेत. बाई शिकवते ह्याचा राग निघाला कुठं, तर कपड्यावर. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध छापला. त्यात बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असा सवाल आहे. शाळेतल्या पोरीचा सवाल. मला तो निबंध वाचताना नेहमी गोधडी आठवते.

शिवलेला कपडा आपल्याकडं आला तो आधी लष्करातून. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेल्या महार शिपायांच्या अंगात कंपनी सरकारचा लाल डगला होता. शिवलेला डगला अंगात आणि बंदूक हातात. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला महारांची भरती बंद झाली आणि डगला उतरला. ती परत सुरू व्हावी म्हणून अर्ज करणारे शिवराम जानबा कांबळे पुण्याचेच, लष्कर भागात मेसॉनिक हॉलमध्ये बटलर. १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' मासिक काढलं. आपण हे अंक काढतो ते त्यांच्याच पायवाटेनं, हे विसरू नका. पण डगला, बटलरचा कोट, हे सगळं पुरुषांचं. घरातली बाई अजून गुडघ्यापर्यंत नेसलेल्या लुगड्यात आणि गाठीच्या चोळीत.

मग १९२७ साल आलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी होते आणि वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात महाडला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच परिषदेत त्यांनी बायांपुढं वेगळं भाषण केलं, त्यावर तुम्ही पोरं कधी बोलत नाही. तुमच्या नेसण्यावरून, गळ्यातल्या माळांवरून, कोपरापर्यंतच्या गोट-पाटल्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते, त्या खुणा टाकून द्या, असं त्यांनी बायांना सांगितलं. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. परिषदेत आलेल्या सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या बायांनी लुगडं कसं नेसायचं ते तिथल्या तिथं दाखवलं, असं सांगतात. आणि आपल्या बाया घरी गेल्या त्या नव्या नेसणीत गेल्या.

इथं मी शिवणारीच्या डोक्यानं विचार करते. लुगडं खाली सोडायला एक रात्र पुरते. पण वर काय घालायचं? गाठीची चोळी हातानं शिवता येते, तिला माप थोडं इकडंतिकडं चालतं. पोलकं, झंपर म्हणजे बाही आली, गळा आला, हुक आले, मुंढ्यात कापड नीट बसलं पाहिजे. त्याला माप लागतं. आणि माप कोण घेणार, तर ज्याचा टेप बाटतो तो शिंपी? वस्तीतच कुणीतरी टेप हातात घेणं भाग होतं. आपली शिवणारी बाई महाडच्या त्या भाषणातून जन्माला आली, असं माझं म्हणणं आहे. इतिहासकारांनी खुशाल मान हलवावी.

माझे आजोबा खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा आजी-आजोबा दोघंही तिथं होते. १९५६ ला नागपूरला जायचं ठरलं, दीक्षेला पांढरी वस्त्रं पाहिजेत. आजीनं दिव्याच्या उजेडात स्वतःसाठी पांढरं झंपर हातानं शिवलं. एक बाही बोटभर लांब, दुसरी आखूड. पण आजीला जाता आलं नाही, अंगात ताप होता. आजोबा एकटे गेले. ते झंपर आजीनं इथंच धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी घातलं. आईनं ते सांभाळलं, आता माझ्याकडं आहे. मढ्यावरचं कापड नेसलेल्या बाईनं स्वतःच्या मापानं शिवलेलं ते पहिलं कापड. बाह्या चुकल्या असतील. चुकू दे.

आता मशीन. अमेरिकेत एलियास हाऊनं १८४६ ला आणि आयझॅक सिंगरनं १८५१ ला शिलाई मशीनचं पेटंट घेतलं. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्यानं मशीन केलं होतं. १८३१ ला पॅरिसच्या शिंप्यांनी त्याचा कारखाना फोडला, का तर आपलं पोट जाईल. सिंगर कंपनीनं मशीन हप्त्यानं विकायची युक्ती काढली आणि ते गरिबाच्या घरात शिरलं. एकोणिसाव्या शतकातच ते हिंदुस्थानात आलं. १९३० नंतर कलकत्त्याला 'उषा' निघालं. गांधींचा यंत्रांना विरोध, पण १९२४ साली त्यांनीही सिंगरला सूट दिली. बायकोचे शिवताना होणारे कष्ट बघवेनात म्हणून त्यानं प्रेमानं यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. सिंगरच्या बायका किती आणि त्यांच्या कोर्टकचेऱ्या किती, हे महात्म्याच्या कानावर गेलं नसावं. ते असो. आपल्या दृष्टीनं मुद्दा वेगळा आहे. सुई शिंप्याच्या जातीची होती, मशीनला जात नव्हती. मनूला मशीन ठाऊक नव्हतं, म्हणून ते कुणी चालवायचं नाही हे लिहायचं राहून गेलं.

म्हणजे दार सताड उघडं होतं असं मात्र नाही. पुण्यात बायांना स्वतःच्या पायावर उभं करायचं काम मोठमोठ्या माणसांनी केलं. कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ चा, रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं. सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत, कितीतरी विधवा त्यावर जगल्या. त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण कर्व्यांच्या आश्रमात सुरुवातीला ब्राह्मण विधवाच होत्या, आणि सेवासदनाची पायरी आमच्या आजीच्या वाटेवर नव्हती. आपल्या पोरांसाठी विठ्ठल रामजी शिंदे झटले. १९०६ साली त्यांनी निराश्रित साह्यकारी मंडळी काढली, पुण्यातही शाखा आली; नाना पेठेतलं अहिल्याश्रम त्यातलंच. त्यांच्या शाळांत अक्षरांबरोबर हातउद्योगही शिकवत. त्यांची आठवण आपण फार कमी काढतो.

आई शिकली ती कुठल्या संस्थेत नाही. खडकी बाजारात आमच्या शेजारी एक मुसलमान चाची होती, मिलिटरीवाल्यांचे कपडे दुरुस्त करायची. आई तिच्याकडं काजं-बटणं करायला बसली आणि बघून बघून पायडल मारायला शिकली. पुण्यात हे नवं नाही. सावित्रीबाईंच्या पत्रात फातिमाचं नाव येतंच की. १९७६ च्या सुमारास मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आईनं एक काळं सिंगर आणलं, सोनेरी अक्षरं अर्धी पुसलेली. आजोबांच्या बोनसमधून अर्धे पैसे, बाकीचे उधार. तेच मशीन मी चालवते. बेल्ट किती बदलले, मोजलेले नाहीत.

पण कापायला आईला कुणी शिकवलं नाही. आपल्या धंद्यातलं गुपित इथं आहे, नीट वाचा. शिवणं वेगळं आणि कापणं वेगळं. कपडा बिघडतो तो कापताना. म्हणून दुकानात टेबलामागं कटिंग मास्तर उभा असतो, गळ्यात टेप, हातात कात्री, आणि त्याला पैसे जास्त. तो कापून गठ्ठा फेकतो. खाली बसलेल्यांनी तो जोडायचा. त्याच्याही खाली काजं-बटणं, तुरपाई, फॉल लावणं. ते बायांचं. मास्तर बहुतेक पुरुषच. शिकवा म्हटलं तर तो कात्री खिशात घालतो. वेदासारखंच आहे हे: ऐकायचं पण नाही, बघायचं पण नाही. आई ज्या दुकानाचं काम करायची तिथं मास्तर चहाला गेला की ती टेबलावरचे खडूचे आखे बघून घ्यायची. मग तिनं दुसरी युक्ती काढली. एक चांगलं बसणारं जुनं पोलकं घेतलं, ब्लेडनं शिवण शिवण उसवलं, सगळे भाग सुटे केले, पेपरवर ठेवून पेन्सिलनं आखले आणि कापले. पुढचा भाग, पाठ, बाही, पट्टी. घरात रद्दीचा 'केसरी' होता. १९२० साली पैसे घेऊनसुद्धा ज्यानं 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, त्याच 'केसरी'च्या कागदावर आमच्या घरातलं पहिलं कटिंग झालं. मी मोठी झाल्यावर हे तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे कायतरी उपेगाला आला म्हना."

कटिंग आल्यावर आई लक्ष्मी रोडच्या बाजूच्या एका दुकानाची पोलकी घरी आणायला लागली. दर बुधवारी बोचकं घेऊन बस. मालक माणूस वाईट नव्हता. पण त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "गिऱ्हाइकापुढं आडनाव सांगायचं नाही. खडकीच्या बाई, एवढंच." गिऱ्हाइकं पेठेतली. ती मापाचं पोलकं दुकानात द्यायची, आई ते बघून शिवायची. तिच्या हाताचं फिटिंग त्यांना आवडायचं, 'त्या खडकीच्या बाईंनाच द्या' म्हणून सांगायची. अकरा वर्षं आई बिनआडनावाची होती. रात्री दोरा तोंडात धरून सुई डोळ्यासमोर न्यायची आणि एखाद्या वेळी स्वतःशीच हसायची. "त्यांच्या अंगाला माझा दोरा हाय. ठाव न्हाय त्यान्ला." मला तेव्हा त्या हसण्याचा अभिमान वाटायचा. आता तसा वाटत नाही. त्यांना ठाव नव्हतं म्हणून चाललं, ह्यात कसला विजय? वर सांगितलेल्या 'कसं'चं खरं उत्तर हेच आहे, आणि ते कडू आहे. पडदा होता म्हणून दोरा पोचला. मी १९९४ साली स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा दारावर पाटी लावली, आडनावासकट, आणि आत मशीनवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंचा फोटो. आईची पाच-सहा गिऱ्हाइकं तुटली. त्यातल्या दोघी वर्षभरात परत आल्या. फिटिंग दुसरीकडं जमलं नाही म्हणाल्या. मी टेप त्यांच्या अंगाला लावला आणि माप मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलं.

शिवणाऱ्या बाईला डोकं नसतं असं समजणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तुमच्या खोलीत ब्लॅक पँथरचं पोस्टर आहे, म्हणून तुम्हाला पटेल. १ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या माणसाला द्यायला जिनं नकार दिला ती रोझा पार्क्स शिवणारी होती. एका मोठ्या दुकानात कपडे मापाला बसवून द्यायचं तिचं काम. तिकडं दक्षिणेत कितीतरी दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाला कपडा अंगावर घालून बघू देत नसत. ओळखीचं वाटतं ना? गोऱ्यांनी गोष्ट अशी पसरवली की बिचारी शिवणारी, दिवसभर काम करून थकली होती, म्हणून उठली नाही. खोटं. ती १९४३ पासून तिथल्या काळ्यांच्या संघटनेची चिटणीस होती, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कार्यकर्त्यांचं शिबिर करून आली होती. थकलेली बाई सगळ्यांना चालते, विचार करणारी चालत नाही. महिन्याभरात तिचं काम गेलं. बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि १९५६ च्या डिसेंबरात जिंकूनच संपला. आपल्याकडं त्याच महिन्यात बाबासाहेब गेले.

तर आता 'घरबसल्या चार पैसे.' ते कसे पडतात तेही सांगते, कारण तुमच्या ठरावात ते नाही. घरात मशीन आलं की मागोमाग कंत्राटदार येतो. कापलेला माल टाकून जातो. नगावर पैसे. दोरा आपला, वीज आपली, सुई मोडली तर आपली, डाग पडला तर कापडाचे पैसे कापणार. लग्नसराईत रात्र रात्र, पावसाळ्यात हात रिकामे. पाठ, मान, डोळे पन्नाशीत जातात. २८ जुलै १९२८ ला बाबासाहेब मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले आणि १९२९ ला कायदा झाला, पण तो फॅक्टरीतल्या बाईसाठी. १९४८ चा फॅक्टरी कायदा झाला तोही विजेवर दहा कामगार असतील तिथं. मग मालकानं दहा मशिनी दहा घरांत ठेवल्या की झालं. फॅक्टरी नाही, मालक नाही, कामगार नाही. घरी काम करणाऱ्यांसाठी जिनिव्हात १९९६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. फॅक्टरीत सगळं सुखाचं असतं असंही नाही; १९११ ला न्यूयॉर्कला कुलूपबंद दारांमागं १४६ जण जळाले, त्यात बहुतेक शिवणाऱ्या पोरी, आणि २०१३ ला ढाक्याला इमारत कोसळून अकराशेच्या वर माणसं मेली. पण तिथं निदान मेलेल्यांची मोजदाद होते. घरातल्या घरात डोळे गेलेल्या बाईची कोण करतो? पुण्यात कचरा वेचणाऱ्या आपल्याच बाया १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र आल्या, ओळखपत्र मिळवलं, दर वाढवून घेतले. त्या रस्त्यावर रोज एकमेकींना दिसत होत्या. शिवणारी दाराआड एकटी असते, तिला शेजारचीचा दरसुद्धा माहीत नसतो.

म्हणून मशिनी द्या, पण माझं ऐकून द्या. पाच घरांत पाच देऊ नका. विहाराच्या मागची खोली वर्षभर सतरंज्या ठेवायला पडून असते, तिथं पाचही मांडा. बाया एकत्र बसू द्या, दर एकमेकींना कळू द्या. भिंतीवर दर लिहून लावा, कंत्राटदाराला तो वाचू द्या. मशिनीच्या पैशातून आधी एक मोठं टेबल आणि चांगल्या दोन कात्र्या घ्या, मशिनी वाटलं तर चारच घ्या. आणि जिला कॉलेजला जायचं आहे त्या पोरीच्या घरी मशीन पाठवून तिची फी चुकवू नका. मागच्या वर्षी एका घरात असं झालेलं मला माहीत आहे. मशीन आलं, पोरगी बारावीनंतर घरी बसली. फोटोत मात्र सगळे हसत होते.

कापायला मी शिकवीन. दर रविवारी चार वाजता. पोरींना शिकवीन तसं पोरांनाही शिकवीन. त्या दिवशी 'तेवढंच' म्हणाला त्याला पहिल्या ओळीत बसवा. येताना प्रत्येकानं रद्दीचे पेपर आणा, कुठलेही चालतील, आणि घरातलं एक जुनं पोलकं आणा, उसवायला. ब्लेड मी देईन.